बर्फावरचा आवाज आणि झटक्याची टिकटिक

प्रेमसिंगभाऊ चुकला असं आमच्या तांड्यावर कोणी ऐकलेलं नाही. एसटी चुकेल, हवामानवाले चुकतील, प्रेमसिंग चुकणार नाही. तो फौजेत वायरलेसवर होता. पेन्शन घेऊन शेलूबाजारजवळच्या आमच्या तांड्यावर परतला, शेती धरली, पण कानाला लागलेली चटक काही सुटली नाही. परीक्षा देऊन त्याने हौशी रेडिओचं लायसन काढलं. मी लखमा, त्याच्या धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून असलेला शेजारी. आमचं रोज भांडण होतं आणि रोज चहाही होतो.

हिवाळा लागला की हा बाबा मफलर गुंडाळून तांड्यामागच्या टेकडीवर चढतो. बाभळीला तार बांधतो, बॅटरी जोडतो आणि देशभरच्या अनोळखी लोकांशी बोलत बसतो. समोरच्याचा आवाज कसा येतो ते आकड्यांत सांगायची त्यांची रीत आहे. सगळ्यात चांगला म्हणजे पाच-नऊ. बाकीचे लोक तो आकडा प्रसादासारखा वाटतात. प्रेमसिंग मात्र असा कंजूष की पाच-नऊ त्याच्या तोंडून मी कधी ऐकलाच नव्हता.

त्याची मुलगी रुचिका लहानपणापासून त्याच्या मागे टेकडी चढली. तिनंही लायसन काढलं. बापाइतकीच हट्टी, पण तोंडाची गोड. या जानेवारीत ती हिमाचलात गेली, बर्फाच्या डोंगरावर. या खेळात नुसतं वर पोचून भागत नाही. तिथून रेडिओवर कोणाशी तरी बोलणं व्हावं लागतं, दोघांनी एकमेकांना आकडे सांगावे लागतात, तेव्हा ते शिखर तुमचं. रुचिकानं निघतानाच सांगितलं होतं, "पयलं बर्फाचं शिखर बाबाशी बोलूनच घेईन, दुसऱ्या कोनाशी नाई." दिवस कलताना लांबचा आवाज बरा येतो, म्हणून वेळ संध्याकाळची ठरली. पण थंडीत बॅटरी पटकन बसते. तेवढ्यात जमलं तर जमलं.

आमच्याकडे अडचण वेगळीच. हरभरा घाट्यावर आला की वावरात रानडुकरं घुसतात, म्हणून आम्ही कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडतो. ते मशीन टक टक करतं आणि तीच टिकटिक रेडिओत घणासारखी वाजते. प्रेमसिंगनं फर्मान काढलं, "मी खाली येईस्तोवर कोनी मशीन लावाचं नाई." सगळे कुरकुरले, पण पोरीसाठी ऐकलं. माणसं डबे वाजवत वावरात उभी राहिली. माझं मशीन बंद करून मी त्याच्यासोबत वर गेलो.

ठरल्या वेळी प्रेमसिंगनं माइकचं बटण दाबून हाक दिली. रेडिओत नुसती टक, टक, टक. मधूनच पोरीच्या आवाजाचा तुकडा यायचा आणि टिकटिकीखाली दबायचा. प्रेमसिंग लालबुंद झाला.

"लखमा, तुयंच मशीन हाय! हरभऱ्यापायी माह्या पोरीचं शिखर घालवतं काय?"

माझं डोकं सटकलं. "मी बंद करून आलो ना! कायले बोंबलून राह्यला?"

तेवढ्यात खाली माझं लक्ष गेलं. एका वावरात मशीनवरचा लाल दिवा लुकलुकत होता. मी बोट दाखवलं. वावर त्याचंच होतं. दिवस बुडायच्या आत झटका लागलाच पाहिजे, ही त्यानेच बायकोला, नानीबाईला, लावलेली शिस्त. सगळ्या तांड्याला फर्मान सांगितलं, घरात सांगायचं राहिलं.

मी जीव खाऊन ओरडलो, "भाबी, मशीन बंद करा!" दिवा विझला. टिकटिक थांबली. आणि रुचिकाचा आवाज असा आला, जशी ती आमच्यातच येऊन बसली.

"बाबा, मी तुमाले केव्हाची आयकून राह्यली. तुमी बटन दाबूनच भांडून राह्यले. अर्ध्या देशानं आयकलं असंन. आधी लखमाकाकाची माफी मांगा, मंग आकडा सांगते."

प्रेमसिंगनं माझ्याकडे पाहिलं नाही. माइककडे पाहत राहिला. तिकडे बर्फात पोरीची बॅटरी उतरत होती. मला वाटलं, गेलं शिखर. मग त्यानं बटण दाबलं.

"लखमा, माह्यं चुकलं. मशीन माह्यंच होतं."

"पाच-नऊ, बाबा," ती हसून म्हणाली. "आता माह्या आवाजाचा सांगा. लवकर, बॅटरी चालली."

तिचा आवाज विझत आला होता. शेवटचे शब्द मी अंदाजानंच जुळवले. खालून नानीबाईची हाक आली, "बोलली का जी पोरगी?" प्रेमसिंगनं मफलरनं डोळे पुसले आणि बटण दाबलं.

"पाच-नऊ, बेटा. पाच-नऊ."

पाच-नऊ नव्हता तो. मी शेजारीच बसलो होतो. पण त्यावर मी त्याच्याशी भांडलो नाही.