कुंदाताई आणि बी-कॉम्प्लेक्स

रिपोर्ट चांगला आला होता, तरी कुंदाताई काउंटरवरून हलत नव्हत्या.

"मंग आता गोली बंद ना?"

"नाही ताई. गोळीमुळेच तर चांगला आलाय. डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील."

त्यांनी मान हलवली, पण गेल्या नाहीत. बाकावर बसल्या, लगेच उठल्या, परत बसल्या. मला वाटलं, हे थायरॉइडचंच असेल.

मी कामतघरच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बारावीनंतर डीएमएलटी केलं, म्हणजे रक्त-लघवी तपासायचा डिप्लोमा. आता सकाळी बी.एस्सी.चं कॉलेज आणि दुपारी लॅब. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वज्रेश्वरीजवळच्या आमच्या गावात मला 'डॉक्टरीण' म्हणतात. मी नाही म्हणते, पण फार जोरात म्हणत नाही. पुढचं सांगायचं तर हे आधी कबूल केलेलं बरं.

कुंदाताई यंत्रमागाच्या कारखान्यात कांडी भरतात, म्हणजे लूमला लागणारा धागा गुंडाळून देतात. त्या रिपोर्टच्या तीन-चार महिने आधी त्यांचे हात इतके थरथरायला लागले की धागा सारखा तुटायचा. शेठ ओरडायचा, "कुंदाबाई, धागा भर रही हो या तोड रही हो?" वजन उतरलं, छाती धडधडायला लागली. गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते. शरीराचं इंजिन किती वेगात चालायचं ते ती ठरवते. ताईंचं इंजिन भलत्याच वेगात चाललं होतं. डॉक्टरांनी ग्रंथीला आवर घालणारी गोळी दिली आणि दीड महिन्याने रक्त तपासायला सांगितलं. आम्ही हे सॅम्पल ठाण्याला पाठवतो, रिपोर्ट तीन दिवसांनी येतो. ग्रंथीतून रक्तात येतं ते टी-फोर. ते आता नॉर्मलला आलं होतं. ग्रंथीला हुकूम देणारं टीएसएच अजून कमी होतं, पण ते सावकाशच वर येतं.

माझी चूक तीन दिवस आधीची, रक्त घेतानाची.

सुई टोचताना ताई म्हणाल्या, "तोंड आलंय गो बाय. घसापन दुखतंय. तिखट न्हाय खाववत."

कामतघरात घसा कुणाचा दुखत नाही? दिवसभर सुताचा भुसा उडतो. आणि तोंड आलं की काय घ्यायचं ते आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मी डॉक्टरांच्या थाटात म्हटलं, "उष्णता झालीय. बी-कॉम्प्लेक्स घ्या, दिवसातून दोन." त्या म्हणाल्या, "शिकलेली पोर, बरी सांगतेस." मला बरं वाटलं.

आता त्याच ताई बाकावरून उठून परत काउंटरपाशी आल्या. पिशवीतून त्यांनी दोन वस्तू काढल्या: बी-कॉम्प्लेक्सचं पाकीट आणि थायरॉइडच्या गोळ्यांची छोटी बाटली, तिच्या खोक्यासकट.

"यातली कुठली गरम पडते सांग. तोंडात नुसत्या जखमा झाल्यात. दोन दिस अंगात तापपन हाय."

मी हात लावून पाहिलं. अंग चटका बसेल इतकं तापलं होतं. खोक्यात बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद होता. असे कागद आम्ही सगळे फेकून देतो. मी तो उघडला. माझं इंग्रजी हळू आहे, बोट ठेवून वाचावं लागतं. मध्यावर एक ओळ होती: ताप, घसादुखी, तोंडात फोड आल्यास औषध थांबवून ताबडतोब डॉक्टरांना कळवावे आणि रक्तातल्या पेशी तपासाव्यात.

मी ती तीनदा वाचली. तिन्ही गोष्टी माझ्यासमोर उभ्या होत्या, आणि त्यांतल्या दोन मला तीन दिवसांपासून ठाऊक होत्या.

मी आत सरांकडे गेले. सर म्हणजे लॅबचे मालक.

"सर, कुंदाताईंचा काउंट करायचाय. पांढऱ्या पेशींचा."

"चिठ्ठीवर आहे?"

"नाही."

"मग नाही करायचा. सुवर्णा, उद्या डॉक्टर म्हणतील, लॅबवाले डॉक्टरी करायला लागले. पेशंट पाठवायचे बंद करतील."

"डॉक्टरी मी तीन दिवसांपूर्वीच केलीय सर," मी म्हटलं आणि बी-कॉम्प्लेक्सचं सगळं सांगून टाकलं. कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी कागद वाचला. "आणि काही निघालं नाही तर?"

"तर माझी चूक."

"रक्त घे. पण रिपोर्ट माझ्या हातात आल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही."

मी रक्त घेतलं आणि त्याच क्षणी लाइट गेली. लोडशेडिंग. आजूबाजूचे लूम एकदम गप्प झाले. पेशी मोजायचं मशीनही बंद. दोन तास थांबणं मला शक्य नव्हतं. कपाटावरचा जुना मायक्रोस्कोप काढला. त्याला दिवा नसतो, आरसा असतो. तो खिडकीत ठेवून उन्हाकडे वळवला. बारीक चौकटी कोरलेल्या काचेवर रक्त मोजलं. पांढऱ्या पेशी चार हजारांच्या वर हव्यात. माझ्या हिशेबाने नऊशे आल्या. मला वाटलं, चुकले. पुन्हा मोजलं. साडेआठशे.

मग स्लाइड रंगवली. जंतूंशी पहिल्यांदा लढतात त्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. एरवी त्या जिकडेतिकडे दिसतात. मी काच सरकवत राहिले. एकही सापडेना.

बाहेरून ताई म्हणाल्या, "झालं का गो? माझी ड्युटी हाय."

सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ लावला. मग फोन उचलला. "डॉक्टर, कामतघरहून बोलतोय. तुमच्या कुंदाबाई, थायरॉइडवाल्या. ताप आहे आणि न्यूट्रोफिल नाहीत... कमी नाही, नाहीतच." पलीकडचं ऐकून त्यांनी फोन ठेवला. "थायरॉइडची गोळी आत्तापासून बंद. ठाण्याला ॲडमिट करायचंय. बरोबर कोण आहे त्यांच्या?"

कुणीच नव्हतं. ताईंच्या भावाला शेजारच्या कारखान्यातून बोलावलं. रिक्षात बसताना ताई मला म्हणाल्या, "बघ, म्यापन तेच बोलत व्हते, गोली बंद."

ठाण्याच्या वाटेवर काल्हेरला ट्रकांच्या रांगेत त्यांची रिक्षा पाऊण तास अडकली, हे नंतर समजलं. तो पाऊण तास मी लॅबमध्ये एकच टेस्ट ट्यूब धूत होते.

ताई अकरा दिवस हॉस्पिटलात होत्या. सहाव्या दिवशी पेशी परत दिसायला लागल्या. ती गोळी त्यांना आता कधीच घ्यायची नाही. थायरॉइडवर पुढे दुसरा उपचार झाला. ती गोळी वाईट नव्हे, हेही सांगायला हवं. आमच्याकडे येणारे कितीतरी जण ती घेऊन ठणठणीत आहेत. क्वचित कुणाच्या पांढऱ्या पेशी तिच्यामुळे अशा संपतात. पण झालं तर घाई करावी लागते, आणि माझ्या बी-कॉम्प्लेक्सने त्यातले तीन दिवस खाल्ले.

सर मला रागावले नाहीत. थायरॉइडचं रक्त घ्यायच्या वहीत त्यांनी एक रकाना वाढवला: ताप, घसा, तोंड. 'हो' असेल तर पेशंट घरी पाठवायचा नाही, आधी डॉक्टरांना फोन.

गेल्या आठवड्यात ताई तपासायला आल्या. हात स्थिर, अंगावर थोडं मांस. सुई टोचताना म्हणाल्या, "केस लय गळतात गो. कुठली विटामिनची गोली घेऊ?"

"डॉक्टरांना विचारा ताई."

"एवढं कॉलेज शिकतेस, साधी विटामिनची गोली सांगता येईना?"

"नाही येत," मी म्हटलं. या वेळी पुरेसं जोरात.