चार नंबर टेबलाचे फ्यूज

भुताखेताच्या गोष्टी सुरू झाल्या की मला भीतीच्या आधी झोप येते. इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स शिकताना रोजच इतकं दमायला व्हायचं की भुतांसाठी वेळच उरला नाही. तरी हे लिहितेय... कुणाला तरी नीट सांगून टाकायचंय.

कोर्स चार वर्षांचा, मला पाचवं लागलं. मशीन्सचं प्रॅक्टिकल दोनदा उडालेलं आणि नियमाप्रमाणे ही शेवटची संधी. रोज विटा ते सांगली एसटी, परत एसटी, घरी गेल्यावर पुस्तक. खरं सांगायचं तर मला इंजिनियर होण्यासाठी पास व्हायचं नव्हतं, हे सगळं एकदाचं संपावं म्हणून व्हायचं होतं.

आमच्या लॅबचे असिस्टंट म्हणजे शिंदे मामा. साताऱ्याचे, रिटायर्ड फौजी. त्यांचा एक नियम होता – वायरिंगला हात लावण्याआधी टेबलाचे दोन्ही फ्यूज काढायचे आणि स्वतःच्याच खिशात ठेवायचे. "दुसऱ्याकडं दिलंस की तुजा जीव त्येच्या हातात," म्हणायचे. परीक्षेच्या आठवड्यात मात्र ते रजेवर होते. पेन्शनच्या कामासाठी दोन दिवस आधीच साताऱ्याला गेलेले.

मला चार नंबर टेबल आलं, डीसी मोटरचा प्रयोग. मी फ्यूज काढले. चिनी मातीचे, मामांनी लाल ऑइलपेंटने '४' काढलेले, एकाचा कोपरा उडालेला. एप्रनच्या खिशात टाकले. शेजारच्या टेबलावरची तस्लिम म्हणाली, "खिसा फाटंल की गं!" म्हणजे तिनेही पाहिले होते.

तासाभराने वायरिंग संपलं. खिशात हात घातला तर... रिकामा. खिसा शाबूत. टेबलाखाली, ड्रॉवरमध्ये, सॅकमध्ये – कुठेच नाहीत. मला रडू कोसळलं. पाच वर्षं, आणि शेवटी दोन फ्यूजसाठी जायचं?

एक्स्टर्नल सर, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, वैतागले. "शोधा तुम्ही, तोवर मी कनेक्शन बघतो." वायरीवरून बोट फिरवत आले आणि थांबले. फील्डची वायर टर्मिनलला घट्ट केलेलीच नव्हती, नुसती टेकवलेली होती.

"अशीच चालू केली असती तर?"

"मोटर बेफाम पळाली असती, सर. फुटलीसुद्धा असती... आणि मी समोरच उभी असते." बोलता बोलता मी स्टुलावर बसले.

त्यांनी मला पाणी दिलं, वायर घट्ट करायला लावली, स्टोअरमधून दुसरे फ्यूज मागवले. रीडिंग आली. मी पास झाले.

बाहेर येऊन बघते तर मामांचे चार मिस्ड कॉल. फोन लावला.

"अगं, चार नंबरचं फ्यूज माज्या खिशात हायत! हितं साताऱ्यात लायनीत उभा हाय. आधार कार्ड काढाय गेलो तर हे हाताला लागलं. आज तुजी परीक्षा हाय न्हवं?"

आठवड्याने त्यांनी ते आणून टेबलावर ठेवले. लाल '४', उडालेला कोपरा. मी सगळं सांगितलं, तस्लिमनेही सांगितलं.

"पांघरूण नको घालू, पोरी. मीच इसरभोळा झालो. जाताना खिशात ऱ्हायलं आसतील. माज्यापायी तुजं सगळं शिक्षान वाया गेलं आसतं."

"आवं मामा, त्या दिवशी सकाळी माझ्या हातात होते ते!"

"व्हय, व्हय," म्हणाले. लहान पोराची समजूत काढावी तसे.

महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली.

मी आता कुपवाडला पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. परवा कामानिमित्त साताऱ्याला गेले तेव्हा मामांकडे डोकावले. मामी म्हणाल्या, "आता घरातला बल्ब बदलायला बी शेजाऱ्याला बोलावत्यात. म्हणत्यात, माजाच मला भरवसा न्हाई." मामा खाली मान घालून चहा पीत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

ते फ्यूज साताऱ्याला कसे गेले, मला अजून कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा... मी कशी वाचले ते राहू द्या. पण त्या माणसाला "मामा, तुमचं काही चुकलं नव्हतं" हे पटेल असं काहीतरी मला हवंय.