दातांनी ऐकणारे काकाजी

स्क्रू ड्रायव्हरची मूठ दातांत धरायची, टोक यंत्राला टेकवायचं आणि डोळे मिटून दातांत उतरणारी थरथर ऐकायची. पांढरकवड्यातले आमचे रिपेअरीवाले काकाजी यंत्राचं दुखणं असं शोधायचे. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. मीही हसले होते.

त्यांची उमेदीची वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या यंत्रांपाशी गेली आणि कान त्या खडखडाटात गेले. "कान जिनिंगले देले, दात माह्यापाशी हायेत," म्हणायचे.

मी घरीच कोर्टाच्या कागदांचं टायपिंग करते. मागेच आईचा पलंग. अर्धांगानंतर तिचा आवाज कुजबुजीवर आला होता आणि कॉम्प्युटरचा जुना पॉवर सप्लाय पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. एकदा ती कितीतरी वेळ पाणी मागत होती. चार हात अंतरावर बसलेल्या मला कळलंच नाही. वळून पाहिलं तर रडत होती. ते आठवलं की अजून लाज वाटते.

काकाजी आले. त्यांनी कॉम्प्युटर सोडून आधी आईच्या पलंगाच्या लोखंडी दांडीला स्क्रू ड्रायव्हर टेकवला.

"आवाज पलंगात उतरून राह्यला, पोरी. टेबल सरकव."

टेबलाचा कोपरा पलंगाच्या पायथ्याला चिकटलाय हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

पॉवर सप्लाय काढला, पण लगेच उघडेनात. "प्लग काढला म्हून करंट जात नाही. आत दबा धरून बसते." दिवसभर तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी आतला छोटा पंखा काढून मोठा बसवला, कमी व्होल्टवर सावकाश फिरणारा. स्क्रूंखाली सायकलच्या ट्यूबचे वायसर कापून घातले. मग डबा तापतो का ते पाहायला त्यावर तळहात ठेवून तासभर बसून राहिले.

मला तर कॉम्प्युटर बंदच वाटत होता. तेवढ्यात मागून आई म्हणाली, "जेवून जाय म्हण त्याईले."

मी वळले. काकाजींना काहीच ऐकू आलं नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"माय बोलली काय?"

"जेवून जा म्हणते."

"मंग जमलं," म्हणाले आणि हात धुवायला उठले. जो आवाज त्यांना कधी ऐकूच येणार नव्हता, तो त्यांनी मला आणून दिला होता.

गेल्या आठवड्यात मी अंघोळीला गेले असताना शेजारीण आईशी काही बोलून गेली. मी येऊन कामाला बसले, आईकडे पाठ करून.

"काकाजी गेले वं," आई म्हणाली.

तिनं एकदाच सांगितलं. मला ऐकू आलं.