सारजाबाईंनी निवडलेला ॲम्प्लिफायर

सारजाबाईंची सगळी नोकरी कानांवर झाली. औरंगाबादच्या टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये डोक्याला हेडसेट लावून बसायचं, जालना, परभणी, मुंबईच्या लाइनी जोडून द्यायच्या आणि दोन्हीकडची माणसं बोलायला लागली की आपण बाजूला व्हायचं. कुणाला मुलगा झाला, कुणाचं लग्न मोडलं, सगळं कानावरून जायचं. मनात ठेवायचं मात्र काही नाही, असा त्या कामाचा दंडक होता.

शेजारच्या बोर्डावर सगीरा बसायची. तिच्या मामूंना सारंगीचा नाद. जेवणाच्या सुट्टीत ती पर्समधून छोटा ट्रान्झिस्टर काढायची आणि सारंगी लागली की डब्यातला घास तसाच धरून म्हणायची, "सुन सारजा, अब रोएगी." आणि खरंच ती सारंगी रडायची. सारजाबाईंच्या माहेरी गाण्याबजावण्याशी कुणाचा संबंध नव्हता. त्यांना जे काही ऐकता येऊ लागलं, ते सगीराच्या शेजारी बसून.

पुढं एसटीडी आलं, बोर्ड गेले. दोघींना दुसऱ्या टेबलांवर बसवलं आणि यथावकाश दोघी निवृत्त झाल्या. सारजाबाईंचं घर हर्सूलला, सगीरा मुलाकडे पडेगावला. शहराची दोन टोकं. भेटी कमी होऊन शुक्रवारपुरत्या उरल्या, तरी तुटल्या नाहीत.

घरी सारंगी ऐकायची म्हटलं तर पंचाईत होती. त्यांचे यजमान नानासाहेब दिवसभर टीव्हीवर बातम्या लावायचे. मग पुण्याच्या मुलानं आईसाठी मोठे, मखमली गाद्यांचे हेडफोन आणून दिले. सारजाबाईंनी ते हौसेनं सीडी प्लेअरला जोडले, तर आवाज विहिरीतून आल्यासारखा. बटण पार शेवटापर्यंत फिरवलं तरी तेच.

"आई, हे हेडफोन चालवायला जड आहेत. यांना वेगळा ॲम्प्लिफायर लागतो," मुलानं फोनवर सांगितलं.

"चालवायला जड म्हंजे? ट्रॅक्टर हाय का?" म्हणत त्या हसल्या. पण दुसऱ्याच दिवशी हेडफोन आणि सारंगीची एक सीडी पिशवीत घालून औरंगपुऱ्यातल्या बद्रीनाथच्या दुकानात गेल्या.

बद्रीनाथ पन्नाशीचा, आवाजाचं वेड असलेला माणूस. गिऱ्हाईक सारंगी घेऊन आलंय म्हटल्यावर त्यानं खुर्ची दिली, पंखा बंद केला आणि आधी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर जोडला. काचेचे दोन दिवे मंद नारिंगी पेटले. आवाज असा उबदार आला, की सारजाबाईंनी डोळे मिटले. पण सूर थांबला की मागं एक बारीक घूं ऐकू येई.

"ते थोडं असतंच यात. तुमच्या हेडफोनवर जरा जास्तच येतंय," बद्रीनाथ म्हणाला. "लोकांना चालतं, काहींना आवडतंसुद्धा."

"मला नाय चालायचं, दादा. लाइनीतली घूं ऐकत जन्म गेला माझा."

मग त्यानं दुसरा ॲम्प्लिफायर, तळहाताएवढी काळी डबी, जोडली. दिसायला काहीच नाही, पण सूर थांबला की खरोखर शांत. त्या शांततेतून सारंगीचा गज पुन्हा तारेला टेकला, तेव्हा सारजाबाईंच्या अंगावर काटा आला.

"हाच द्या. दोन दिवसांनी येऊन नेते," त्या म्हणाल्या. असली वस्तू दोन रात्री विचार करून मग घ्यावी, ही त्यांची सवय.

मधल्या दिवशी त्या पडेगावला गेल्या. महिन्यापूर्वी त्यांची थोरली बहीण, वच्छलाक्का, वारली होती. फोनवर सगीरा हल्ली नीट बोलत नव्हती, नुसतं "हौ, हौ" म्हणून सुनेकडं फोन द्यायची. म्हणून ही बातमी समोर बसूनच सांगायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

सगीरानं हात धरून आत नेलं. सून जमिला चहा ठेवायला गेली. इकडचं तिकडचं झाल्यावर सारजाबाई खाली बघत हळू म्हणाल्या, "सगीरा, अक्का गेली आमची."

सगीरा तोंडभर हसली. "अच्छा! मुबारक हो, सारजा. बहोत अच्छा हुआ!"

दारात चहाचा ट्रे घेतलेली जमिला जागच्या जागी थिजली. सारजाबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. क्षणभर त्यांना उठून निघून जावंसं वाटलं. पण सगीरा अजून हसत होती आणि तिचे डोळे मात्र सारजाबाईंच्या तोंडाकडे घाबरून बघत होते. आपलं उत्तर बरोबर पडलं का, ते शोधत होते. मग सारजाबाईंच्या ध्यानात आलं. फोनवरचं "हौ, हौ", गप्पांतलं नुसतं मान हलवणं, शुक्रवारच्या भेटी तिनं हळूहळू टाळणं. हिला ऐकूच येत नव्हतं.

अक्काचा विषय त्यांनी तिथंच सोडला. चहा घेतला, गुडघ्यांची चौकशी केली आणि निघाल्या. जमिला फाटकापर्यंत आली. "खाला, माफ करा. कानाला मशीन लावा म्हणून आम्ही किती सांगितलं. म्हणतात, मी कानावर जगलेली बाई, मला बहिरी ठरवू नका."

रिक्षात सारजाबाईंना आधी राग येत राहिला, मग रडू आलं. अक्काचं दुःख वेगळं काढायचं कसं आणि सगीराचं वेगळं कसं, ते त्यांना कळेना.

ठरल्या दिवशी बद्रीनाथनं काळी डबी बांधून तयार ठेवली होती.

"ही नको," सारजाबाई म्हणाल्या. "दोन हेडफोन लागतील आणि दोन्हींचा आवाज वेगवेगळा ठेवता येईल, असा हाय का काही?"

बद्रीनाथनं फळीवरून एक चपटा पत्र्याचा डबा काढला. चार भोकं, प्रत्येकाला स्वतःचं बटण. "हा रेकॉर्डिंगवाले नेतात, ताई. घरात बसून ऐकण्यासाठी नाही. आवाज चांगला आहे, पण त्या डबीची सर नाही. तुम्ही तर बारीक ऐकता, पस्तावाल."

त्यांनी ऐकून बघितलं. फरक होता. गज टेकण्याआधीची ती नितळ शांतता इथं जरा गढूळ वाटत होती. त्यांनी पुन्हा एकदा काळी डबी ऐकली, मग पुन्हा पत्र्याचा डबा. बद्रीनाथ मुकाट्यानं तारा बदलत राहिला.

"एकटीला ऐकायचं असतं तर ती डबीच नेली असती," शेवटी त्या म्हणाल्या. "हा बांधा. अन् आणखी एक हेडफोन द्या."

"दुसऱ्यांना कमी ऐकू येतं का?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाला, "मग बटण पार खालून सुरू करा. हळूहळू वाढवा. चेहरा बघत राहा. अन् जास्त वेळ नको."

सगीराला बोलावणं धाडलं, तर ती येईना. तब्येतीचं निमित्त सांगितलं. मग सारजाबाई स्वतः रिक्षा करून पडेगावला गेल्या आणि तिला घेऊनच आल्या. नानासाहेबांनी कधी नव्हे तो टीव्ही बंद केला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

दोघी पलंगावर शेजारी बसल्या. आधी दोन्ही बटणं खाली. सारजाबाईंनी आपलं थोडं वर केलं आणि मग सगीराचं बोटभर, आणखी बोटभर. सगीराचा चेहरा कोराच होता. आणखी थोडं. अचानक तिनं सारजाबाईंचं मनगट धरलं.

"रुक," ती म्हणाली, नको तेवढ्या मोठ्यानं. "सारंगी है."

आलाप संपेपर्यंत तिनं मनगट सोडलं नाही. हेडफोन काढल्यावर ती फरशीकडे बघत बोलू लागली.

"जमिलाने मेरेकू लिख के बताया. तेरी बहन का. मैं मुबारक बोली." तिचा आवाज फाटला. "मैं किस मुँह से आती, सारजा?"

सारजाबाई सरकून तिच्या उजव्या कानाशी गेल्या. "तुला ऐकू आलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, ते मला ठाऊक हाय. मी तेच ऐकलं."

सगीरा हुंदका देऊन रडली. सारजाबाईसुद्धा रडल्या. बहिणीच्या दहाव्याला पाहुण्यांच्या गर्दीत त्यांना रडायला सवड मिळाली नव्हती.

डोळे पुसून सारजाबाईंनी पुन्हा तोंड कानाशी नेलं. "आवाज वाढवला की तुला ऐकू येतं. मग आवाज वाढवणारं मशीन लावायला कसली लाज?"

सगीरानं लगेच हो म्हटलं नाही. "देखेंगे" म्हणाली. आणखी तीन-चार शुक्रवार गेल्यावर एके दिवशी जमिलासोबत दवाखान्यात जाऊन आली आणि दोन्ही कानांना बारीक मशीन लावून हर्सूलला हजर झाली. आता गप्पा होतात. अक्काच्या आठवणीही तिनं पहिल्यापासून विचारून घेतल्या. मशीनमधून माणसांचं बोलणं कळतं, पण सारंगी बरणीत कोंडल्यासारखी वाटते, अशी तिची तक्रार आहे. म्हणून ऐकायला बसताना ती मशीनं काढून रुमालात ठेवते आणि हेडफोन लावते.

सारजाबाईंना काळ्या डबीची आठवण अजून येते. औरंगपुऱ्यात गेल्या की त्या बद्रीनाथकडे डोकावतात, तोही न सांगता ती जोडून देतो. एक आलाप ऐकतात, छान आहे म्हणतात आणि भाजी घ्यायला निघून जातात.