फुटपाथवरची गाडी

आमच्या घरात सायकलसुद्धा नव्हती. आई गावाहून कोपरगावला रस्त्याच्या कडेने चालत कामाला यायची. तिथंच उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागून तिचा पाय कायमचा अधू झाला.

मी घरातला पहिला पदवीधर. कोपरगावात घर घेतलं, तर शेजारी हे गृहस्थ. सकाळी चालायला जातात तेही गाडीतून! मैदानावर फेऱ्या मारायच्या, गाडीतून परत यायचं आणि गाडी फुटपाथवर चढवायची. दसऱ्याला तिथंच तिची पूजा केली, नारळ फोडला आणि काठी टेकत आलेल्या आईच्या हातावर खोबरं ठेवून म्हणाले, “मावशी, खालून जा की. रस्ता काय थोडाय?”

“रस्ता लई हाय,” आई म्हणाली, “पन त्यावर ट्रॅक्टरबी हाय.”

ते हसले. गाडी जागची हलली नाही.

मग मी नगरपालिकेत खेटे घातले आणि फुटपाथच्या तोंडाशी लोखंडी खांब बसवून घेतले. “शिकलेली पोरं शेजारधर्म विसरली,” असं गृहस्थ सगळ्यांना सांगतात. गाडी आता कोपऱ्यावर लावावी लागते, आणि मैदानावर फेऱ्या मारणाऱ्या माणसाला तिथून घरापर्यंतची चाल जड जाते.

आई भाजीबाजारात एकटी जाते. फुटपाथवरून तिला खाली उतरावं लागत नाही.