खड्ड्याला दोन बादल्या

घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकून पाणी ओतलं, की ओल्या कोळशाचा वास वर येतो आणि माझं तोंड कडू होतं. मुकुंदवाडीतले शेजारी विचारतात, विकतचं पाणी मातीत कशाला घालता? त्यांना मी सांगत नाही. तुम्हाला सांगतो.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. भोवताली इमारती उठत होत्या, प्रत्येकीचं बोअर आमच्यापेक्षा खोल, आणि आम्ही टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलो. फाल्गुनातल्या एका दुपारी थेंबही न पडता कडाडलं आणि मागच्या कडुलिंबावर वीज पडली. टीव्ही जळाला. घरातल्या वायरी तपासायला पिशोरकडचा वायरमन आला. वडिलांपर्यंत मेंढरं राखणारं घर त्याचं. कामही तसंच, सावकाश. मेन स्विच बंद करून त्याने एकेक वायर यंत्राला जोडली, मूठ फिरवत काटा पाहिला. वायरी वाचल्या होत्या. मग वीज सुरू करून त्याने बल्बचं एक टोक चालू वायरीला लावलं, दुसरं अर्थिंगला. बल्ब विझत्या विडीएवढाच लालसर झाला. खड्ड्यात मीठ टाकून त्याने दोन बादल्या ओतल्या, आणि थोड्या वेळाने तोच बल्ब उजळला. माझ्या बायकोने चक्क टाळ्या वाजवल्या.

“ताई, जमीन लई तान्हेली हाय,” तो म्हणाला. “आठवड्याला दोन बादल्या घालत जा. खड्डा वाळला तर करंट जमिनीत उतरत नाय, मानसातून जातो.”

चार आठवडे तिने नेमाने पाणी घातलं. पाचव्यांदा मी तिच्या हातातली बादली हिसकावली. “माणसांना प्यायला नाही आणि तू मातीला पाजतेस?” ते पाणी मी कूलरमध्ये ओतलं, आणि त्यानंतर खड्डा कोरडाच राहिला. माझी दुपारची झोप मला प्यारी होती.

वैशाखात त्याच पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरताना ती चिकटली. आतली एक वायर उघडी पडली होती. मी पलीकडे गाढ झोपलेलो. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती. सगळे म्हणाले, नशीब. मी मान डोलावली, आणि त्या मान डोलावण्याची मला आजही किळस येते. वायरमन तेराव्याला आला, खड्ड्यातली माती चिमटीत घेऊन चुरली आणि न जेवता गेला.

आता दर रविवारी मी दोन बादल्या ओततो आणि बल्ब लावून बघतो. लख्ख पेटतो. टाळ्या वाजवणारं घरात कोणी नाही.