घड्याळाचा हात

वसंतदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या नव्या घरात पडदे लावत होते. हे घर त्याने पाहिलंच नाही… आणि त्यात चूक माझी आहे. महिना उलटला, तरी ती बोच जात नाही.

दादा माझा मावसभाऊ, नेरच्या एका शाळेत ग्रंथपाल. कोणतं पुस्तक कोणी नेलं ते त्याला तोंडपाठ. पण तेच पुस्तक कपाटात परत ठेवताना हमखास चुकायचा. डावं-उजवं कळायचं नाही. समोरचा कंटाळलाय हे चेहऱ्यावरून उमगायचं नाही, म्हणून तो बोलत राहायचा आणि माणसं एकेक करून उठून जायची. लग्न जमलं नाही. घरच्यांनी 'वेंधळा' म्हणून विषय संपवला, त्यात मीही होते. पंचेचाळिशीत नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला शब्द उत्तम कळतात. दिशा, आकार, चेहरे कळत नाहीत. ही जन्मापासूनची अध्ययन अक्षमता आहे. परतताना एसटीत तो म्हणाला, "म्हंजे मी येडा नोहो, सुमे. इतके वर्षं कोनी सांगतलं काहून नाही?"

रस्त्यांसाठी त्याची एक वही होती. नकाशे नाहीत, नुसती वाक्यं. 'बसमधून उतरून रसवंतीकडे तोंड करणे. मग घड्याळाच्या हाताला वळणे.' घड्याळ डाव्या मनगटावर, म्हणून डावीकडे. माझ्या जुन्या घराचा रस्ता मीच असा लिहून दिला होता. एक रविवार सोडून तो एकटा यायचा, खूप बोलायचा आणि मध्येच थांबून विचारायचा, "थकली का तू? तोंडानं सांग, मले दिसत नाही."

घर बदललं तेव्हा त्याचा फोन आला, "रस्ता लिहून दे." मी मोबाईलवर लोकेशन पाठवलं. पुन्हा फोन. "हा निळा ठिपका कोनीकडं चालला, मले समजूनच नाही राह्यलं."

"कोनाले तरी विचार ना, दादा. मले वेळ नाही."

तोंडानंच सांगितलं मी. त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि रविवार जात राहिले…

तेरवीला मावशीने ती वही माझ्या हातात ठेवली. शेवटच्या पानावर मथळा होता, 'सुमीचं नवं घर'. खाली एकच ओळ, 'वेळ मिळाला की सुमी लिहून देईल.' बाकी पान कोरं.

काल मी डाव्या मनगटावर घड्याळ बांधून बसस्टँडवर गेले, तिथून घरापर्यंत चालत आले आणि त्या पानावर रस्ता लिहिला. सगळा मिळून सात वाक्यांचा आहे.